उसळीला लगाम

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर माझा भाचा एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काखेत मारून घरी आला. कोकणात समुद्रकाठी त्याचं लहानसं गॅरेज आहे. किनाऱ्यावर पर्यटकांना फेऱ्या मारायला देतात ना, त्या चार जाड टायरांच्या, मोटारसायकलीसारखं हँडल असलेल्या गाड्या तो दुरुस्त करतो. कुणी त्यांना एटीव्ही म्हणतं, कुणी क्वाड बाइक. त्याने त्यातली एक जरा वरच्या जातीची, जुनी जपानी गाडी स्वतःच्या पैशांनी विकत घेतली होती. तिला म्हणायचं ‘स्पोर्ट क्वाड’. वजनाने हलकी, पळायला चपळ, आणि एकट्यानेच बसायची. काखेत पुस्तक होतं आणि डावा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये.

“मामू, तुम्ही बीए झालात. एवढं वाचून सांगा,” तो म्हणाला.

मी मराठी विषय घेऊन बीए झालो, जन्मभर कविता लिहिल्या. त्या माणसाने मोटारीचं मॅन्युअल वाचून दाखवायचं! पण पोराचा हात बघितला आणि चष्मा लावला.

त्याची हकीगत अशी. गाडी फार दणके देत होती. वाळूत ओहोटीच्या पाण्याने ज्या बारीक बारीक वळ्या पडतात, त्यांच्यावरून जाताना दात वाजायचे. त्याने विचार केला, सगळं नरम करून टाकू. शॉकअपवरच्या स्प्रिंगांचा ताण पूर्ण सैल केला, शॉकअपला जे लहान लहान स्क्रू होते तेही सगळे उलटे फिरवून मोकळे सोडले. गाडी हाताने दाबून बघितली तर गादीसारखी मऊ. खूश होऊन बाहेर काढली आणि पहिल्याच मोठ्या उंचवट्यावर गाडीच्या मागच्या बाजूने त्याला हँडलवरून पुढे भिरकावलं. आता प्रश्न असा होता की हंगामात या गाडीवर गिऱ्हाईक बसवायचं की नाही. आणि त्याआधीचा प्रश्न : मऊ केलेली गाडी फेकते कशी?

त्या एका प्रश्नामागे मी जो लागलो, तो थेट साडेतीनशे वर्षं मागे गेलो. आज तीच हकीगत सांगणार आहे.

मॅन्युअलमध्ये चार शब्द पुन्हा पुन्हा येत होते. प्रीलोड, सॅग, कंप्रेशन, रिबाउंड. पहिल्या तिघांचं आम्ही मामा-भाच्यांनी मिळून मराठी केलं. प्रीलोड म्हणजे स्प्रिंग बसवतानाच तिला दिलेला आधीचा ताण. सॅग म्हणजे माणूस बसल्यावर गाडी जेवढी खाली बसते ते. त्याला भाच्याने शब्द दिला ‘बैठक’, आणि तो मला इतका आवडला की माझ्या हयातीत मी इतका नेमका शब्द कवितेत वापरला असेल की नाही, शंका आहे. कंप्रेशन म्हणजे दबणं. अडलो रिबाउंडपाशी. दबलेली स्प्रिंग परत वर येते, ते. उसळी म्हणावं, की परतणं? तिथेच या सगळ्या गोष्टीची मेख आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

१६६५ सालच्या मे महिन्याची १ तारीख. इंग्लंडमध्ये आरमाराच्या कचेरीत काम करणारा सॅम्युअल पेपिस नावाचा गृहस्थ रोजनिशी लिहीत असे. त्या दिवशी तो रॉयल सोसायटीच्या काही विद्वान मंडळींबरोबर लंडनबाहेर ब्लॅकहीथच्या बाजूला एका कर्नलच्या घरी गेला. तिथे घोडागाड्या कमी हादराव्यात म्हणून प्रयोग चालले होते. मंडळींनी एकामागून एक गाड्यांत बसून बघितलं. त्यातल्या एका गाडीचा सगळा सांगाडा एकाच लांब स्प्रिंगवर टेकलेला होता आणि ती फार सुखाची वाटली, अशी नोंद पेपिसने केली आहे. थोड्याच आठवड्यांत लंडनमध्ये प्लेगने थैमान घातलं, त्यामुळे त्या उन्हाळ्याची आठवण इतिहास वेगळ्याच कारणाने ठेवतो. पण त्या दिवशीच्या मंडळींत एक किरकोळ अंगाचा, तिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस होता, रॉबर्ट हूक.

हूकचं नाव आपण शाळेत ऐकलेलं असतं. स्प्रिंगला जेवढं वजन लावाल तेवढ्या प्रमाणात ती ताणते किंवा दबते. किराणा दुकानात टांगलेला स्प्रिंगचा काटा आठवा. एक किलोला काटा जेवढा खाली सरकतो, दोन किलोला त्याच्या दुप्पट. हा नियम त्याने १६७६ साली चक्क अक्षरांची उलटापालट करून, कोड्याच्या रूपात छापला. शोध आपला आहे हे नोंदवायचं, पण दुसऱ्या कुणाच्या हाती तो लागू द्यायचा नाही, अशी ही युक्ती. कोडं १६७८ साली उलगडलं. त्या छोट्या पुस्तकाचं लॅटिन नाव आहे ‘दे पोतेन्शिया रेस्टिट्युटिव्हा’, म्हणजे पूर्ववत होण्याची शक्ती, परतण्याची शक्ती. रिबाउंडला शब्द शोधताना मला हे सापडलं आणि मी टेबलावर थाप मारली. स्प्रिंगच्या शास्त्राच्या पहिल्या पुस्तकाच्या नावातच ‘परतणं’ आहे! दबणं हा स्प्रिंगचा अर्धाच गुण. दबवलेलं ती परत करते, व्याजासकट नसेल पण मुद्दल जवळजवळ पूर्ण. आणि गाडीत बसलेल्या माणसाला खरा त्रास त्या परतफेडीचाच होतो.

हे समजायला माणसांना फार वेळ लागला. १८०४ साली लंडनच्या ओबादाया एलियट या गाडी बनवणाऱ्याने लंबवर्तुळाकार पाट्यांच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं. पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या दोन कमानी, टोकाला टोक जोडून, एक वर आणि एक खाली. गाडीचा सांगाडा सरळ या स्प्रिंगांवर बसला आणि पुढच्या-मागच्या आसांना जोडणारी अवजड तुळई काढून टाकता आली. गाडी हलकी झाली, सुखाची झाली. पुढची शंभर वर्षं जगभर घोडागाड्या पाट्यांवर चालल्या.

आपल्याकडचा टांगा त्याच वंशातला. इथे मला माझ्या अब्बांबद्दल दोन शब्द बोलावे लागतील, कारण पाट्यांबद्दल मला जे कळतं ते त्यांच्यामुळे. मिरजेत स्टेशन ते गाव असा त्यांचा टांगा होता. बैलगाडीला स्प्रिंग नसते. लाकडी चाकावर लोखंडी धाव, आणि आसावर थेट गाडीची साटी. रस्त्यातला प्रत्येक दगड पाठीच्या कण्याला कळतो. टांग्याला मात्र आसावर पाटे. लहानपणी मला वाटायचं, पाट्यांना भरपूर वंगण दिलं की टांगा आणखी मऊ चालेल. एका दुपारी अब्बा झोपले असताना मी डबाभर वंगण पाट्यांच्या फटींत कोंबलं. संध्याकाळी टांगा असा नाचायला लागला की मागे बसलेल्या बाईंनी पैसे न देताच उतरायचं ठरवलं. अब्बांनी मला मारलं नाही. केरोसीन आणि चिंध्या हातात दिल्या आणि सगळे पाटे पुसायला लावले.

कारण त्यांनी सांगितलं नाही, बहुधा त्यांनाही शब्दांत सांगता आलं नसतं. आता मला सांगता येतं. पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये दोन कामं एकाच वस्तूत होतात. पोलाद वाकतं, ते धक्का झेलतं. आणि पट्ट्या एकमेकींवर घासतात, ते घासणं उसळी खाऊन टाकतं. मी वंगण घालून ते घासणंच काढून टाकलं होतं. धक्का झेलणारा उरला, उसळी आवरणारा गेला. भाच्याने किनाऱ्यावर स्क्रू उलटे फिरवून नेमकं हेच केलं. आमच्या घराण्यातच ही खोड असावी.

मोटार आली तेव्हा वेग वाढला आणि पट्ट्यांचं घासणं पुरेना. फ्रान्समध्ये ज्यूल मिशेल मारी त्र्युफो याने एकमेकींवर घासणाऱ्या चकत्यांचं एक वेगळं साधन बनवलं. स्प्रिंगने उसळायचं आणि चकत्यांनी ती उसळी अडवायची. अमेरिकेच्या एडवर्ड हार्टफर्डने ते विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत आपल्या देशात विकायला आणलं. त्यानंतर तेल आलं. मोरिस हूदाय या फ्रेंच माणसाच्या नावाने जो शॉकअप प्रसिद्ध झाला, त्यात चकत्यांऐवजी बंद डबीत तेल आणि तेलाला जायला बारीक भोकं. पिचकारीचा दट्ट्या हळू दाबला तर हळू जातो, जोरात दाबला तर जोराने विरोध करतो, तेच तत्त्व. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला, जी १९०८ पासून १९२७ पर्यंत लाखोंनी निघाली, शॉकअप नव्हते. तिच्यानंतरच्या मॉडेल एला हूदायचे शॉकअप कारखान्यातूनच बसवून येत. म्हणजे बघा, १६६५ साली घोडागाडीला स्प्रिंग बसली आणि तिच्या उसळीला लगाम सर्वसामान्य माणसाच्या मोटारीपर्यंत यायला अडीचशे वर्षांहून जास्त काळ गेला.

‘शॉक अॅब्सॉर्बर’ हे नावच मुळात फसवं आहे, असं माझं मत झालं आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉकअप फक्त स्प्रिंगचं हलणं थांबवतो, तिच्या हालचालीची उष्णता करून हवेत सोडून देतो. खराब रस्त्यावर लांब फेरी मारून आलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावून बघा, चटका बसतो. पदार्थविज्ञानाच्या मराठी पुस्तकात याला ‘अवमंदन’ म्हणतात. हा शब्द मी भाच्याच्या गॅरेजमध्ये उच्चारला तेव्हा दोन पोरं हसून हसून पाना खाली टाकून बसली. ‘लगाम’ म्हटल्यावर मात्र लगेच कळलं.

इथे आपण किनाऱ्यावरच्या गाडीकडे येतो. तिचा इतिहास याच धड्याची पुन्हा एकदा झालेली उजळणी आहे, आणि या वेळी तिची किंमत मोठी होती.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस होंडाच्या अमेरिकेतल्या शाखेला एक अडचण होती. हिवाळ्यात बर्फ पडलं की मोटारसायकली खपायच्या नाहीत. विक्रेत्यांना बर्फात, चिखलात, वाळूत चालेल असं काहीतरी हवं होतं. ओसामु ताकेउची या अभियंत्याने अनेक नमुने करून बघितले आणि शेवटी तीन चाकांची गाडी पसंत केली. १९७० साली ती यूएस९० या नावाने बाजारात आली. पुढे एटीसी९० झाली. इंजिन ८९ सीसीचं, किंमत ५९५ डॉलर. आणि टायर कसे? बावीस इंच उंचीचे, फुग्यासारखे, अगदी कमी हवेचे. त्या गाडीला ना स्प्रिंग होती ना शॉकअप. सगळी भिस्त टायरमधल्या हवेवर. १९७१ च्या ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ या जेम्स बाँडच्या चित्रपटात शॉन कॉनरी याच गाडीवर बसून पळताना दिसतो. ती बघून किती अमेरिकन पोरांनी बापाकडे हट्ट धरला असेल!

कमी वेगात फुग्याचा टायर फार सुंदर चालतो. मुरमावरून, दगडावरून तो जणू पाण्यासारखा वाहत जातो. पण चेंडू जमिनीवर आपटला की काय होतं? हवा ही उत्तम स्प्रिंग आहे आणि तिला लगाम नाही. वेग वाढला, एकामागून एक उंचवटे आले की गाडी चेंडूसारखी टप्पे घ्यायला लागते. त्यात तीन चाकं, मागची दोन एकाच दांड्याला घट्ट जोडलेली. वळायचं तर अंग बाजूला टाकावं लागतं, आणि ते न जमलं तर गाडी कोलांटी खाते. इंजिनं मोठी होत गेली. १९८१ च्या एटीसी२५०आर या शर्यतीच्या जातीच्या तीन चाकीला पुढे-मागे स्प्रिंग आणि शॉकअप आले खरे, पण चाकं तीनच राहिली. १९८० च्या दशकात या गाड्यांवर अमेरिकेत शेकडो माणसं मेली आणि त्यांत सोळा वर्षांच्या आतली मुलं फार मोठ्या संख्येने होती. शेवटी सरकार न्यायालयात गेलं. एप्रिल १९८८ मध्ये होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस या विक्रेत्यांशी तडजोडीचा हुकूमनामा झाला. नव्या तीन चाकी गाड्यांची विक्री थांबली. मोठ्या इंजिनाच्या गाड्या सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीत, हेही बजावलं गेलं. पुढे २००८ च्या कायद्याने नव्या तीन चाकींची विक्री बेकायदाच ठरली.

चौथं चाक त्याआधीच आलं होतं. सुझुकीने १९८३चं मॉडेल म्हणून एलटी१२५ ही चार चाकांची गाडी आणली, आणि १९८५ साली एलटी२५०आर. खरी स्पोर्ट क्वाड म्हणायची ती ही. तिला पुढच्या दोन चाकांना दोन वेगवेगळे शॉकअप, दोन-दोन त्रिकोणी आर्मांवर टांगलेले, म्हणजे डाव्या चाकाखाली दगड आला तर उजव्याला त्याची खबर नाही. मागे मात्र एकच आस आणि मधोमध एकच शॉकअप. पुढच्याच वर्षी होंडाची टीआरएक्स२५०आर आली, १९८७ साली यामाहाची बॅन्शी. आजही या तीन नावांवर जीव टाकणारी म्हातारी होत चाललेली मंडळी अमेरिकेत आहेत.

तो मागचा एकुलता एक शॉकअप मोटारसायकलींकडून आला. बेल्जियमच्या लुसियाँ टिल्केन्स याने मागच्या चाकाच्या दोन शॉकअपांऐवजी सीटखाली एकच लांब शॉकअप बसवायची युक्ती काढली. यामाहाने ती विकत घेतली आणि १९७३ साली स्वीडनच्या होकान अँडरसनने तशाच गाडीवर २५० सीसीची जागतिक मोटोक्रॉस स्पर्धा जिंकली. आणि शॉकअपच्या आतल्या भागात फ्रेंच अभियंता द कार्बोन याची १९५० च्या दशकातली सुधारणा. तेल घुसळलं गेलं की त्याचा फेस होतो आणि फेसाला लगाम लावता येत नाही. म्हणून त्याने तेलाच्या मागे एक सरकता दट्ट्या ठेवला आणि त्याच्यापलीकडे दाबाने नायट्रोजन भरला. वायूचा दाब तेलाला फेसाळू देत नाही. चांगल्या क्वाडच्या शॉकअपला बाजूला जी लहान डबी लटकलेली दिसते, ती त्यासाठी. ती डबी गॅरेजमध्ये उघडायची नसते, हे मी भाच्याला मॅन्युअलमधून तीन वेळा वाचून दाखवलं.

आता त्याच्या गाडीचं आम्ही काय केलं ते.

पहिली गोष्ट टायर. मोटारीत तीस-बत्तीस पौंड हवा असते, इथे चार-पाच पौंडांचा मामला. पेट्रोल पंपावरचा काटा इतकं कमी दाखवतच नाही, त्यासाठी वेगळा लहान काटा लागतो. दोन्ही बाजूंना हवा सारखी नसेल तर पुढचं सगळं मोजमाप वाया.

मग बैठक. गाडी जॅकवर उचलली, चाकं लोंबू दिली आणि मागच्या आसापासून सीटखालच्या एका ठरावीक बोल्टपर्यंत टेपने मोजलं. मग गाडी खाली, भाचा हेल्मेटसकट, बूट घालून वर, आणि पुन्हा तेच माप. दोन मापांतला फरक म्हणजे बैठक. चाकाचा सगळा प्रवास नऊ इंचांचा धरला तर माणूस बसल्यावर त्यातला साधारण एक तृतीयांश, म्हणजे तीन इंच, आधीच वापरला गेला पाहिजे. मला वाटलं, हे तीन इंच फुकट का घालवायचे? पण विचार करा. चाक नुसतं वर उचललं जात नाही, खड्डा आला की त्याला खालीही जावं लागतं. खाली जायला जागाच ठेवली नाही तर चाक जमीन सोडून हवेत लोंबतं. भाच्याने ताण पूर्ण सैल केल्यामुळे गाडी पाच इंचांवर बसत होती. वर जायला जागा उरली नव्हती. उंचवट्यावर शॉकअप तळाला आपटत होता.

ताण वाढवायला शॉकअपवरच्या आट्यांची रिंग पान्याने फिरवायची. इथे एक गैरसमज सगळीकडे आहे, आमच्या पोरांतही होता : रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते. नाही होत. हूकचा नियम बदलत नाही. किराणा काट्याची सुरुवातीची खूण वर-खाली केली म्हणून स्प्रिंग बदलते का? रिंग फक्त गाडी किती उंचीवर बसेल ते ठरवते. माणूस फार जड किंवा फार हलका असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते, रिंगशी खेळून भागत नाही.

त्यानंतर रिबाउंड. शॉकअपच्या खालच्या टोकाला एक स्क्रू. तो उजवीकडे पूर्ण बंद करायचा आणि मग उघडताना ‘टक टक’ असे आवाज मोजायचे. प्रत्येक टक म्हणजे तेलाच्या वाटेत केसाएवढा फरक. भाच्याने तो पूर्ण उघडा सोडला होता. सीटवर जोर देऊन दाबलं आणि सोडलं की गाडीचा मागचा भाग उडी मारून वर यायचा, पुन्हा खाली, पुन्हा वर. उंचवट्यावर तळाला आपटलेली स्प्रिंग त्याच वेगाने उलटली होती आणि तिने मागून त्याला उचलून फेकलं होतं. मऊ गाडीने माणूस का फेकला, याचं उत्तर एवढंच.

मग त्याने उलटी चूक केली. स्क्रू जवळजवळ बंदच केला. गाडी दाबली तर सावकाश, लोण्यासारखी वर येई. मलाही बरं वाटलं. पण वाळूच्या वळ्यांवर गेल्यावर गाडी आधीपेक्षा जास्त कडक! हे कोडं सोडवायला आम्हाला अख्खी दुपार लागली. एका वळीवर चाक दबलं, पण परत खाली यायच्या आत दुसरी वळी आली, ते आणखी दबलं, मग तिसरी. दहा-बारा वळ्यांत सगळा प्रवास संपून स्प्रिंग खाली जाम झाली आणि गाडी बैलगाडी झाली. म्हणजे लगाम सैल सोडला तर फेकते आणि फार ओढून धरला तर चालतच नाही. मग एका वेळी दोन-दोन टक, तोच किनारा, तोच पट्टा, तोच वेग. दबण्याचा स्क्रू शेवटी, तोही थोडाच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच लिहून ठेवायची, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. कागद मी धरला होता, त्यामुळे लिहिणं माझ्याकडे आलं. या वयात मी असली टिपणं करीन असं मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

एकदा मला बसायला सांगितलं. मी घाबरत घाबरत तीस-चाळीस पावलं चालवली. अब्बांच्या टांग्याची आठवण झाली ती वेगाने नाही, थांबताना झाली. ब्रेक लागल्यावर गाडी एकदा पुढे वाकली, परत आली आणि जागेवर थांबली. दुसरा झोका नाही. टांगा स्टेशनसमोर उभा राहायचा तेव्हा असंच व्हायचं.

पण भाच्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याला आवडणारं नव्हतं, आणि ते त्याचं त्यालाच सापडलं. तो पंच्याहत्तर किलोचा. त्याच्या वजनाला तीन इंच बैठक. दर दहा मिनिटांनी नवं गिऱ्हाईक बसवायचं तर एक पन्नास किलोचं, एक शंभर किलोचं. प्रत्येकाची बैठक वेगळी. जड माणसाला ती तळाला आपटणार, हलक्याला उडवणार, आणि दोघांपैकी कुणालाच अंगाचा तोल कसा टाकायचा ते ठाऊक नसणार. दर फेरीला रिंग कोण फिरवणार? त्या गाडीसाठी त्याने कर्ज काढलं होतं. तरी तिच्यावर भाड्याचं गिऱ्हाईक बसवायचं नाही असं त्याने ठरवलं. पुढच्या डिसेंबरात मी तिथे होतो तेव्हा एक गृहस्थ बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. लाल गाडी पाहून मुलगा तिलाच चिकटला. गृहस्थ दुप्पट भाडं द्यायला तयार. भाचा नाही म्हणाला. त्यांनी तिप्पट सांगितलं. मी मध्ये काही बोललो नाही, पण त्याच्याकडे बघत होतो. त्याने मुलाला सीटवर बसू दिलं, इंजिन बंद ठेवून, आणि फोटो काढू दिला.

गॅरेजच्या भिंतीवर अजून खडूने लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. पुढे हवा चार, मागे साडेचार. बैठक तीन इंच. मागचा रिबाउंड अकरा टक. त्याच्याखाली भाच्याने नंतर आपल्या हाताने जोडलंय : ओल्या वाळूवर नऊ.